खिंडीतले एकेचाळीस

जेवणाच्या सुट्टीपर्यंत वैजूनं आपल्या भावाला एकतीस वेळा मरताना बघितलं होतं, आणि तिला भूक लागली होती. हेच तिला खटकलं. पहिल्या आठवड्यात तो पहिल्यांदा पडला तेव्हा ती धावत जाऊन बेसिनमध्ये ओकली होती. आता एकाच दिवसातल्या एकतिसाव्या वेळेला ती मनात म्हणत होती, डब्यात परत घेवडाच असणार.

पडद्यावर भाऊ म्हणजे एक ठिपका. हिरवा म्हणजे जिवंत, राखाडी म्हणजे संपला. ठिपक्यावर बोट ठेवलं की तो मोठा होतो, त्याला हात-पाय फुटतात, आणि तो हंबीरदादासारखा उजवा खांदा पुढे काढून चालायला लागतो. खाली प्रश्न येतो: हा तुमचाच माणूस आहे का? शेजारी दोन बटणं, बरोबर आणि चूक. दिवसभर हेच काम. वैजू महिनाभर बरोबरच दाबत आली होती.

धामणखळच्या माळावर आधी नुसत्या पवनचक्क्या होत्या. मग त्यांच्या पायथ्याशी खिडक्या नसलेली एक लांबलचक इमारत उभी राहिली. आत जे यंत्र होतं त्याचं नाव पटांगण. कुणी ठेवलं कोण जाणे. गावातली माणसं इमारतीलाच पटांगण म्हणायला लागली.

वैजूनं अकरावी सायन्स अर्ध्यात सोडलं होतं. फौजींच्या पोरांचा मेंदू गुडघ्यात असतो असं एक सर वर्गात म्हणाले, आणि तिनं प्रॅक्टिकलची जर्नल त्यांच्या टेबलावर नेम धरून फेकली. नेम चुकला नाही. माफी मागायला ती गेली नाही, आणि मग कॉलेजलाच गेली नाही. पण पटांगण कसं चालतं हे तिला तिथल्या पदवीवाल्यांच्या आधी कळलं होतं.

पूर्वी कॉम्प्युटरवर लढाई करून बघायचे तेव्हा सगळं गणित एका मोठ्या डोक्यात चालायचं. एका मास्तरानं साठ पोरांच्या वह्या एकामागून एक तपासाव्यात तसं. मास्तर दमला की अख्खी पलटण एकाच खोक्यात घालायचा, इतके आले, इतके मेले, झालं. पटांगणात मास्तरच नाही. पाच लाख छोटे प्रोसेसर आहेत आणि सगळे एकदम चालतात. एक प्रोसेसर म्हणजे एक सैनिक. त्याला पूर्ण लढाई दिसतच नाही. त्याच्या डोळ्यांपुढे काय आहे, कान किती बधिर झालेत, पाण्याची बाटली किती रिकामी झालीय आणि डावी-उजवीकडचा काय करतोय, एवढंच त्याला कळतं. सेकंदात दहा वेळा तो स्वतःचं स्वतः ठरवतो, थांबू की सरकू. सेनापतीला नकाशावर न दिसणारी एक गोष्ट त्यातून दिसते: भीती. ती एकापासून शेजारच्याला लागते, पोरांना कांजिण्या लागतात तशी. सहा तासांची लढाई चार मिनिटांत उरकते, आणि अशा शेकडो लढाया शेजारीशेजारी चालू असतात. संध्याकाळपर्यंत वीस हजार.

पण ठिपक्याला स्वभाव कुठून आणायचा? तो घरच्यांनी द्यायचा. म्हणून ओळख खोल्या, आणि म्हणून वैजूसारख्या बहिणी, बायका, बाप.

त्या दुपारी घेवड्याची भाजी खाताना वैजूच्या डोक्यात एक गोष्ट आली आणि घास तोंडातच राहिला. आधीच्या तीन आठवड्यांत लढाईच्या जागा बदलत होत्या. कधी वाळू, कधी जंगल, कधी बर्फ. गेले चार दिवस एकच जागा होती. अरुंद खिंड, खिंडीमागे खोल नदी, नदीवर पूल. सहाशे ऐंशी ठिपके पुलावरून मागे निघून जातात. एकेचाळीस खिंडीत थांबतात. त्यांत अकरा धामणखळचे.

ती डबा तसाच ठेवून सबनीस मॅडमच्या केबिनकडे गेली. डॉक्टर मृदुला सबनीस पुण्याच्या. आवाज कधी चढायचा नाही, पण दहाही नखं कुरतडलेली. ओळख खोल्या त्यांच्याच हाताखाली होत्या.

"मॅडम, चार दिवस तीच खिंड चाललीय. बाकीच्या जागा कुठं गेल्या?"

मॅडमनी चष्मा काढला. "बस, वैजयंता."

"बसत नाही. सांगा."

"बाकीच्या संपल्या. आता हीच उरलीय. तिथे पलीकडून शत्रू येणार हे नक्की झालंय. पटांगणानं वीस हजार बेत लढून पाहिले. त्यातला सगळ्यात कमी माणसं जाणारा हा."

"कमी म्हणजे किती?"

"एकोणचाळीस."

"एकेचाळीसमधले?"

मॅडमनी मान डोलावली.

"आणि दुसऱ्या बेतात?"

"चारशेच्या पुढे."

"मग दुसरी तुकडी ठेवा की खिंडीत. आमचीच का?"

"दुसऱ्या तुकड्या ठेवून पाहिल्या. अर्ध्या-पाऊण तासात कुणीतरी मागे सरकतो, मग सगळेच सरकतात. तुमची मुलं सरकत नाहीत. सहा तास धरतात. हजारो वेळांत एकदाही कुणी मागे पाहिलेलं नाही." मॅडमनी चष्मा परत घातला. "अशी तुकडी आमच्याकडे दुसरी नाही."

"मॅडम, ते खोटं आहे," वैजू म्हणाली.

खोटं ग्रामपंचायतीच्या हॉलमध्ये झालं होतं. तुकडीतल्या पोरांच्या घरच्यांना रांगेत खुर्च्या मांडल्या होत्या. धामणखळात घरटी एक माणूस फौजेत, वेशीवरच्या कमानीवर एकोणीस शहिदांची नावं. आणि नोंदीच्या दोनशे बारा प्रश्नांतला एक असा: साथीदार पडले तर तुमचा माणूस मागे फिरेल का? पहिली खुर्ची रंजनाकाकूची होती. "माझा विशू?" काकू मोठ्यानं म्हणाली. "जीव गेला तरी न्हाय." संपलं. पंगतीत शेजारच्यानं पाचवी पोळी घेतली की आपल्याला चौथीला हात आडवा धरता येत नाही. पुढच्या दहा घरांनी तेच सांगितलं, शेजारच्या गावांना तर धामणखळच्या मागे राहायचं नव्हतंच. वैजूचा बाप, रिटायर सुभेदार पांडुरंग शेलार, ज्याला सगळं गाव तात्या म्हणतं, तो ताठ बसून म्हणाला, "शेलाराचं पोर हटत नसतंय." वैजूनं शेजारी बसून मान हलवली आणि सही केली.

मॅडमनी सगळं ऐकून घेतलं. "नोंद दुरुस्त करता येते," त्या म्हणाल्या. "पण ज्यांनी दिली त्यांनीच लेखी बदलायला हवी. तू आणि वडील, दोघांनी. आणि फक्त तुमच्या माणसाची, दुसऱ्यांच्या मुलांची नाही. उद्या दुपारी शेवटची फेरी. मग कागद वर जातो."

वैजू घरी आली तेव्हा तात्या अंगणात फवारणीचा पंप खोलून बसला होता. वॉशर, नळ्या, स्क्रू फडक्यावर ओळीनं मांडलेले, परेडला उभे केल्यासारखे. तिनं उभ्या उभ्याच सांगितलं. खिंड, पूल, एकोणचाळीस. सगळं सांगून तिनं कागद त्याच्यापुढे धरला.

तात्यानं वाचला. हळू वाचला. मग फडक्याखाली सरकवला.

"न्हाय व्हायचं."

"तात्या, एक सही आहे."

"माझं पोर पळपुटं हाय म्हणून लिवून देऊ? उद्या त्या कमानीखालनं जाऊ कसा मी?"

"वाकून जा. कमान उंच आहे."

"वैजे, तोंड आवर."

"मग तुम्ही सांगा, पळतो का नाही तो? गावाला नको, मला सांगा."

तात्यानं एक वॉशर उचलला, उजेडात धरून बघितला.

वैजूनं बाही वर केली. कोपरापासून मनगटापर्यंत कातडी आक्रसलेली, सुरकुतलेल्या प्लास्टिकसारखी. "ही कडब्याची गंजी पेटली तेव्हाची. मी दहाची होते, दादा तेराचा. सगळ्या गावाला काय माहितेय? दादानं आत शिरून बहिणीला ओढून काढलं. शाळेनं शाल दिली, नारळ दिला, फोटो काढला. मीच सांगितलं होतं तसं. खरं काय आहे सांगू?"

"नको," तात्या म्हणाला.

"मी हाका मारत होते आणि तो..."

"नको म्हटलं ना. माहिती हाय मला." त्यानं वॉशर खाली ठेवला. "मी विहिरीकडनं पळत आलो तवा तो गोठ्यामागं बसल्याला. कानावर हात ठिवून. मी बगितलं त्याला. त्यानं मला न्हाय बगितलं."

नऊ वर्षं दोघंही एकच गोष्ट वेगवेगळी लपवत होते.

"मग त्या दिवशी असं का बोललात हॉलमध्ये?"

"रंजना बोलली ना पुढनं." तात्या म्हणाला. "तिचा हटत न्हाय, मग माझा कसा हटंल?" स्क्रू गोळा करत तो म्हणाला, "आणि भरतीला त्याला मीच पाठिवला. त्याला न्हवतं जायाचं."

पंपातलं उरलंसुरलं पाणी त्यानं मोरीत ओतलं. हात पुसले. मग फडक्याखालून कागद काढला आणि पेन मागितलं. सही करताना नावापुढे सुभेदार लिहिलं, तेही पूर्ण अक्षरात.

"माझ्या पोराचं मी बोललो," तो म्हणाला. "दुसऱ्याच्या पोरांचं बोलाया मी कोण?"

वैजूनंही खाली सही ठोकली. तिला त्या क्षणी दुसऱ्याच्या पोरांचं काहीच वाटत नव्हतं. खोटं कशाला बोला.

दुसऱ्या दिवशी दुपारी मॅडमनी तिला मोठ्या पडद्यासमोर बसवलं. एकेचाळीस ठिपके, त्यातला फक्त एक बदललेला. फेरी सुरू झाली; कोपऱ्यात लढाईची मिनिटं पळत होती.

अडतिसाव्या मिनिटाला हंबीर उठला. शेजारचा ठिपका नुकताच राखाडी झाला होता. तो दोन पावलं मागे आला, थांबला, मग वळून सरळ पुलाकडे धावत सुटला. त्याच्या उजवीकडच्यानं मान वळवून पाहिलं, आणि तोही उठला. मग तिघं. मग बारा. कांजिण्या. पंचेचाळिसाव्या मिनिटाला खिंडीत कुणी नव्हतं आणि हंबीरचा ठिपका पुलापलीकडे हिरवागार होता.

वैजूच्या डोळ्यांत पाणी आलं. "बघितलंत? बघितलंत ना मॅडम? तो पळतो."

"हो," मॅडम म्हणाल्या. "आता बेत बदलावा लागेल. पटांगण नवीन शोधतंय. पंधरा मिनिटं लागतील. चहा घे."

तो चहा वैजूला आवडला. मशिनचा होता, पाणचट होता, तरी आवडला. तिनं मनात ठरवूनही टाकलं की दादाला दुकान काढून द्यायचं. मोबाइल दुरुस्तीचं, बसस्टँडजवळ.

पडद्यावर हिरवी पट्टी आली. नवीन बेत सापडला होता. मॅडमनी तो चालू केला.

तीच खिंड होती. तेच एकेचाळीस होते.

वैजू कप हातात धरूनच पुढे वाकली. अडतिसाव्या मिनिटाला हंबीर उठला. मागे वळला. पुलाकडे धावला. आणि नदीच्या काठावर जाऊन उभा राहिला. पूल नव्हता. सहाशे ऐंशी माणसं पार झाल्यावर, लढाई सुरू व्हायच्या आधीच पाडला होता. ठिपका काठावर अकरा सेकंद उभा राहिला. अकरा सेकंद म्हणजे त्यानं एकशेदहा वेळा ठरवून बघितलं. मग तो परत फिरला. त्याच्यामागून पळत आलेलेही परत फिरले.

"त्यांनी खिंड किती वेळ धरली?" वैजूनं विचारलं. तिला स्वतःचाच आवाज लांबून आल्यासारखा वाटला.

"सात तास दहा मिनिटं." मॅडम खालच्या आकड्यांकडे बघत होत्या, वैजूकडे नाही. "आधीपेक्षा जास्त."

चौथीत दोर कापल्याची गोष्ट असते. गडावरून पळणाऱ्या मावळ्यांना कुणीतरी ओरडून सांगतं की परतीचे दोर केव्हाच कापलेत, आणि मग ते फिरून लढतात. बाईंनी ती शिकवली तेव्हा अख्ख्या वर्गानं टाळ्या वाजवल्या होत्या. वैजूनंही.

"हे तुम्ही मंजूर करणार?"

"मी मंजूर करत नाही. मी फक्त पुढे पाठवते."

"कुणी विचारलं तर सांगाल ना, की तो घाबरतो?"

"ते त्यांना कळलंय, वैजयंता. म्हणून तर पूल." मॅडम खुर्ची ओढून तिच्याजवळ बसल्या. "त्या सहाशे ऐंशींच्या बहिणी इथेच आहेत, पलीकडच्या खोल्यांमध्ये. त्यांच्यापैकी कुणाला जाऊन मी काय सांगू, ते तू मला सांग. मी तसं सांगते."

वैजूला राग आला होता, पण फेकायला हातात फक्त चहाचा कप होता आणि समोर बसलेली बाई रडकुंडीला आली होती.

"अजून एक," मॅडम हळूच म्हणाल्या. "बाकीच्या चाळीस नोंदींपेक्षा तुझी एक जास्त कामाची ठरली. दुसऱ्या घरांनी खरं सांगायला तू मदत केलीस तर... इथे कायमची जागा आहे."

वैजू उठली आणि सरळ बाहेर पडली. डबा तिथेच राहिला.

दर शनिवारी अकरा वाजता ग्रामपंचायतीच्या हॉलमध्ये तुकडीचा फोन असायचा. भिंतीवर पडदा, टेबलाशी हेडफोन लावून बसलेला एक तरुण फौजी कारकून, आणि रांगेत घरची माणसं. प्रत्येक घराला तीन मिनिटं. जागेबद्दल एक शब्द निघाला की कारकून बटण दाबायचा. मागच्या शनिवारी विशू "इथं नदी" एवढंच म्हणाला, तर नदीच्या दीवरच फोन कटला, आणि रंजनाकाकू आठवडाभर त्या कारकुनाच्या नावानं बोटं मोडत होती.

या शनिवारी शेलारांचा नंबर पहिला लागला. पडद्यावर चित्र नव्हतं, नुसता आवाज. कोपऱ्यात घड्याळ सुरू झालं.

"कसं हाय सगळं?" हंबीर म्हणाला. "तात्या, पंप झाला का नीट?"

"झाला," तात्या म्हणाला. त्यानं वैजूकडे बघितलं.

"वैजे, तुजी नोकरी काय म्हणती? एसीत बसून जाड झाली असशील."

"दादा, ऐक," वैजू म्हणाली. तिनं रात्रभर वाक्य पाठ केलं होतं, कारण मध्येच तुटणार हे तिला माहीत होतं. सगळ्यात महत्त्वाचं आधी. "मागच्या पुलावर विसंबू नको. तो पाडणार आहेत. आत्ता निघता आलं तर आत्ता निघ."

तिनं फोन तुटायची वाट बघितली.

तुटला नाही.

"तुला कुणी सांगितलं?" हंबीर म्हणाला.

"मीच सांगितलं त्यांना, तू पळतोस म्हणून. तुला वाचवायला सांगितलं. तात्यांनी सही केली. त्यांनी पूलच काढला बेतातून."

मागे वारा ऐकू येत होता. "खरंय की पण," हंबीर म्हणाला. रागावला नव्हता. "पळतोच की मी." मग म्हणाला, "सकाळी मागनं मोठा आवाज झाला वैजे. आमाला वाटलं, रस्त्याचं काम चाललंय."

तात्या खुर्चीवर बसला.

तिकडे कुणीतरी विचारलं, "काय म्हणती रं वैजू?" विशूचा आवाज होता. हंबीर त्याला काहीतरी सांगत होता, फोनपासून तोंड लांब करून. मग आणखी आवाज जमले. एकजण हसला, एकानं शिवी दिली, एकजण म्हणाला बघून येतो, आणि त्याच्या बुटांचा आवाज लांब गेला.

घड्याळानं तीन मिनिटं ओलांडली.

वैजूनं कारकुनाकडे बघितलं. त्याचा हात बटणावर नव्हताच. दोन्ही हात मांडीवर होते. तो समोरच्या छोट्या पडद्यावर काहीतरी बघत होता आणि तिची नजर लागताच त्यानं मान खाली घातली. तेव्हा तिला कळलं, फोन मुद्दामच तोडलेला नाही. काठावर जाऊन कळण्यापेक्षा आधीच कळलेलं बरं. अडतिसाव्या मिनिटाला पळून, अकरा सेकंद उभं राहून परत येण्यात वेळ जातो, माणसं जातात. मागे वाट नाही हे लढाईच्या दोन दिवस आधी कळलेला माणूस वेगळी तयारी करतो. आणि ते त्याला साहेबांनी सांगून चालत नाही, बहिणीनं सांगावं लागतं. तिचं पाठ केलेलं वाक्य पटांगणातल्या कुठल्यातरी फेरीत आधीच बोलून झालं होतं.

"दादा?"

"हाय मी, हाय. आज येळ जास्त दिलाय वाटतं." हंबीरचा आवाज जवळ आला, मग परत लांब गेला. तो कुणाला तरी म्हणत होता, "न्हाय, आजून खोल. कमरंएवढा खंदक काय कामाचा न्हाय. छातीपतोर घ्या."

मग तो आवाज आला. खडकाळ जमिनीवर लोखंड घासल्याचा. एक, मग दोन, मग इतके की मोजता येईनात.

रांगेतून रंजनाकाकू पुढे आली. तिचा नंबर पुढचा होता, तिनं केसांना तेल लावून घट्ट अंबाडा घातला होता. पडद्याकडे कान करून तिनं विचारलं, "काय गं करत्यात पोरं? कसला आवाज हाय?"

"खणतायत," वैजू म्हणाली.

घड्याळ साडेचार मिनिटांवर गेलं होतं, आणि अजून कुणी फोन तोडत नव्हतं.